तणावमुक्त घरबदल तज्ज्ञांस, नांदेडहून

प्रति,
मा. तणावमुक्त घरबदल सल्लागार साहेब,
मुक्काम : आमच्या मोबाईलचा पडदा

विषय : अर्धं घर हलवण्याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या सूचना वाचल्या. सोबतच्या चित्रातलं कुटुंबही पाहिलं. पांढरीशुभ्र रिकामी खोली, एका मापाची खोकी, खोक्यांवर बसून हसणारे आई-बाप आणि एक लेकरू. घर हलवताना इतकं हसणारं माणूस नांदेडात अजून कुणी पाहिलेलं नाही, पण ते असो. माझी अडचण वेगळी आहे. चित्रातली सगळी माणसं एकाच दिशेला निघालीत. आमच्याकडं मुलीला अकरावी-बारावी आणि नीटसाठी लातूरला ठेवायचं ठरलंय. तिच्यासोबत मी जाणार. हे नोकरीपायी इथंच राहणार. सासूबाईंनी तर विषय निघाल्या दिवशीच सांगून टाकलं, "मी माझं दार सोडून कुठं येणार नाही." म्हणजे घर निम्मं जाणार, निम्मं राहणार. निम्म्या घराची बांधाबांध कशी करतात, ते आपल्या यादीत वरपासून खालपर्यंत कुठंच नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचंच काही जगावेगळं आहे असं समजू नका. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांमुळं 'लातूर पॅटर्न' गाजायला लागला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून दहावीची परीक्षा आटोपली की मराठवाड्यातली घरं फाटायला लागतात. निकालाची वाट कुणी बघत नाही, आधी खोली बघतात. आपण म्हणता, आठ आठवडे आधी तयारीला लागा. साहेब, आमच्याकडं नववीतच नातेवाईक विचारायला लागतात, "लातूर का नांदेड?" कारण नांदेडही आता शिकवण्यांचं तेवढंच मोठं ठिकाण झालंय. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर लातूर जिल्ह्यातली एक बाई मुलाला घेऊन राहते, नीटसाठीच. आम्ही तिकडं का निघालो आणि ती इकडं का आली, यावर आम्ही दोघींनी चहा पिता पिता बराच विचार केला. काही हाती लागलं नाही. दोघींच्याही नवऱ्यांचं म्हणणं एकच : घरापासून लांब असलं की लेकरू अभ्यास करतं.

आता आपल्या सूचनांकडं वळते.

'वर्षभर न वापरलेली वस्तू घराबाहेर काढा', ही सूचना मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग त्याचा लग्नातला सूट काढ आधी." चर्चा तिथंच संपली. सूट अजून कपाटात आहे.

'स्वयंपाकघरातल्या सामानाचे दोन भाग करा, नेण्याचे आणि देऊन टाकण्याचे', हेही वाचलं. साहेब, आमच्या भांड्यांवर नावं असतात. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, कोणत्या तारखेला दिलं, सगळं यंत्रानं बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं. परातीवर थोरले मामा आहेत. कुकरवर यांच्या ऑफिसची मंडळी आहेत. चहाच्या पातेल्यावर आत्याबाई आहेत. आता पातेलं लातूरला नेलं आणि आत्याबाई नांदेडला आल्या, तर त्यांना चहा कशात करून द्यायचा? आणि नाही नेलं, तर "माझं पातेलं नेण्याजोगं नव्हतं का गं?" हे कुणी ऐकायचं? घंगाळ तर गेली कित्येक वर्षं माळ्यावर पालथं पडलंय, त्यात कुणी अंघोळीचं पाणी काढत नाही. पण त्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. आपल्या नियमाप्रमाणं ते मोडीत जायला हवं. हा निरोप आपण स्वतः येऊन सासूबाईंना द्यावा, मी बाजूच्या खोलीत थांबते.

देवांचंही तसंच. देवघर दोन ठिकाणी होत नाही, हा आमच्या घरातला शेवटचा शब्द. मग मी माझ्या माहेरून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन जाणार, टाक इथंच राहणार, असा तह झाला.

खोक्यांवर 'किचन', 'बेडरूम' असं लिहायला आपण सांगता. आमची खोकी मोंढ्यातल्या किराणा दुकानांतून येतात आणि त्यांच्यावर आधीच पुष्कळ काही छापलेलं असतं. सध्या तेलाच्या खोक्यात वह्या आहेत, बिस्किटांच्या खोक्यात वाट्या आहेत, आणि साबणाच्या खोक्यात सासूबाईंनी दिलेली तूरडाळ आहे. लातूरची बाजार समिती तुरीसाठी देशभर ओळखली जाते, डाळ तिथून इकडं येते, हे मी त्यांना समजावून पाहिलं. "ती विकतची, ही घरची," एवढंच उत्तर मिळालं. बबल रॅपचा प्रश्न नाही. वाकळी आहेत.

आपल्या यादीत पाण्याची भांडी शेवटून दुसरी आहेत, 'इतर' या सदरात. साहेब, आपण लातूरला कधी गेला नाहीत हे तिथंच कळलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणी यायला लागल्या आणि हे महिनोन् महिने चाललं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून ज्या शहरानं पाणी मागवून प्यायलं, तिथली खोली बघताना कुणी आधी हवा आणि उजेड बघत नाही. नळ किती दिवसांनी येतो आणि बोअर उन्हाळ्यात टिकतं का, हे दोन प्रश्न आधी. म्हणून आमच्या टेम्पोत ड्रम पहिला चढणार आहे. ड्रमात ज्वारीची पिशवी, ज्वारीवर डबे, डब्यांवर मुलीची पुस्तकं. ड्रमाएवढी चांगली पेटी आपल्या कुठल्याच कंपनीकडं मिळत नाही.

कागदपत्रांचं सदर आपण चांगलं लिहिलंय, पण ते अख्ख्या घरासाठी. गॅसचं कनेक्शन दुसऱ्या गावी न्यायचं तर इथला सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्यायचं, तिथं पुन्हा अनामत भरायची. पण निम्मं कनेक्शन कुणी जमा करून घेत नाही. शेवटी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यायचं ठरलं, तो पत्त्याचा पुरावा न मागता मिळतो. आमच्यासारख्या दोन पत्त्यांच्या माणसांसाठीच काढला असावा. भाडेकराराबाबत मी वाचून गेले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी यातून सुटका नाही. हे सगळं मी घरमालक काकांना नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला नववीला किती होते?"

या प्रदेशाला घर हलवण्याची सवय नाही असं मात्र समजू नका. मुहंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून आणली ती आमच्या मराठवाड्यातच, दौलताबादला. काही वर्षांत परत नेली. त्याच्याकडंही बहुधा आपल्यासारखेच सल्लागार असावेत.

आणि खरे जाणकार पाहायचे असतील तर दसरा-दिवाळीच्या सुमारास कंधार, मुखेड, अहमदपूरच्या बालाघाटातल्या वाडी-तांड्यांवर या. तिथून ऊसतोडीला निघालेलं घर एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतं. पीठ-मीठ, ताडपत्री, चार भांडी, शेळी, कोंबड्या, पांघरुणं. एक खोकं नसतं, एक लेबल नसतं, आणि कारखान्यावर पोचल्यावर अंधारात कोपी उभी करताना काही सापडलं नाही असं होत नाही. तणावाचं विचाराल तर तो सामानात नसतोच. तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत असतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात त्या हिशोबात असतो. त्यांच्या घरातही वाटणी होते. आई-बाप जातात, शाळेतलं लेकरू आजीजवळ राहतं. आमच्याकडं लेकरू जातं, आजी राहते. त्यांच्या वाटणीवर कुणी सल्ल्याची यादी लिहिलेली नाही. त्यांना खोकी विकता येत नाहीत ना.

आमचा टेम्पोवाला वजिराबादचा आहे. सामान बघून म्हणाला, "हौ ताई, सब बैठता." लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर करत दुपारपर्यंत पोचवतो म्हणतो. अहमदपूरला चहाला थांबलं की समोरून लातूरचे टेम्पो नांदेडकडं येताना दिसतात, त्यांच्यातही असाच ड्रम, तशीच टेबल-खुर्ची आणि तसंच गप्प बसलेलं एक पोरगं असतं, असंही त्यानंच सांगितलं. त्याला यात काही चमत्कारिक वाटत नाही. भाडं दोन्ही बाजूंनी मिळतं.

तरी विनंती, की निम्म्या घराबाबत काही सूचना असल्यास त्वरित कळवाव्यात. पत्ता नांदेडचाच लिहा, आधारवर तोच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
होणारी भाडेकरू

ता. क. : रविवारी सकाळी टेम्पो येतोय. मिक्सर एकच आहे आणि तो कुणाकडं राहणार यावर अजून एकमत नाही. आमटीला वाटण तिकडंही लागतं, इकडंही लागतं. सासूबाई म्हणतात, पाटा-वरवंटा घेऊन जा. उत्तर शनिवारच्या आत यावं.