वयाला शोभेल असा खिसा

पिंपळनेरच्या पेठेत कपड्याच्या दुकानात शिरलं, की तिथला पोरगा आधी तोंडाकडे बघतो आणि मग ठरवतो, गिऱ्हाइकाला डावीकडे न्यायचं की उजवीकडे. डावीकडे कॉलेजच्या पोरींचा माल. त्यात खांद्यावर भोकं ठेवलेले टॉप असतात. आमच्या लहानपणी असा कपडा रफूवाल्याकडे जायचा, आता तो पिशवीतून घरी येतो. उजवीकडे देवदर्शनाचा माल : मेंदी, चॉकलेटी आणि ज्याला नावच नाही असा एक मातकट रंग. मी पन्नाशीला दोन वर्षं कमी. मला बघून पोरगा मधेच थबकतो. मधे गल्ला आहे आणि गल्ल्यावर गणपती.

"शाळेत घालायचंय," मी म्हणते.

"मग मॅडम, वयाला शोभेल असंच दाखवतो," असं म्हणून तो मला उजवीकडे नेतो.

एक कुर्ती आवडते. बिनबाह्यांची असते. "बाही आतमध्ये दिलेलीय, लावून घ्या," तो सांगतो. आत खरोखरच दोन बाह्या घडी घालून ठेवलेल्या असतात, खेळण्यासोबत सेल द्यावेत तशा. मग मापाचा प्रश्न येतो. मी हळूच सांगते. तो तितक्याच मोठ्यांदा माळ्यावर ओरडतो, "मॅडमसाठी डबल एक्सेल टाक रे!" दुकानात त्या वेळी माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आई बसलेली असतेच. पालकसभेला एरवी दिसत नाही ती.

ऑनलाइनचाही प्रयोग करून झाला. तिथली बाई पाच फूट आठ इंच, आणि तिने स्मॉल घातलाय असं खाली प्रामाणिकपणे लिहिलेलं. मी पाच फूट एक. तिच्या गुडघ्यावर येणारा कुर्ता माझ्याकडे आल्यावर घोट्याशी गप्पा मारायला लागला. फोटोत पिस्ता होता तो पार्सलमधून वाटाणा होऊन निघाला.

त्यात १५ मार्च २०२४ ला शासनाने शिक्षकांच्या पेहरावाचा निर्णय काढला. बाईंनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको, प्रिंट नको, जीन्स-टीशर्ट तर नकोच. पुरुषांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचायचा. त्यांचा विषय तिथेच संपला; काही जणांचा पोटापाशी अडला, पण तो वेगळा. त्याच निर्णयात नावाच्या आधी इंग्रजीत 'टीआर' आणि मराठीत 'टि' लावायची सोयही होती, डॉक्टर 'डॉ.' लावतात तशी. आमच्या स्टाफरूममध्ये ते वाचून झालं आणि शिपाई सगळ्यांना चहाच घेऊन आला.

साधं, फिकट, बिनप्रिंटचं. कागदावर किती सोपं! पण आमच्याकडे कपडा येतो सुरतेहून, साक्री-नवापूरच्या रस्त्याने कोंडाईबारी चढून. आणि सुरतेच्या माणसाला कोरा कपडा बघवत नाही. काहीच सुचलं नाही तर तो कोपऱ्यात एक मोर काढतो. मी अख्ख्या दुकानात 'प्लेन' मागत फिरले. पोरगा म्हणाला, "प्लेनच आहे मॅडम, फक्त बुट्टी आहे." शेवटी फिकट आकाशी मिळाला, तर त्यातून आरपार दिसत होतं. म्हणजे अस्तर लावा. एप्रिलमधलं खानदेशातलं ऊन, वर पत्र्याचं छत, अंगावर अस्तर, त्यावर कुर्ता, त्यावर दुपट्टा. शिवाय या वयात बाईच्या अंगात एक स्वतंत्र भट्टी पेटते, तिला कोणत्याच शासन निर्णयात सुट्टी नाही. लसावि शिकवता शिकवता एकदम मानेपासून वाफ निघायला लागते. पोरांना वाटतं मॅडम चिडल्या; ती पटापट गणितं सोडवतात. तेवढा एक फायदा.

साक्रीला सरकारी कार्यालयात असलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "आमचं तर तुमच्याही आधी निघालं." डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तसा निर्णय आला होता, आणि त्यात शुक्रवारी खादी घालायची सूचना होती. खादी आमच्या वयाला खरंच शोभते. अडचण इस्त्रीची. सकाळी कडक निघालेली बाई अकरापर्यंत झोपून उठल्यासारखी दिसते. तिने शुक्रवारसाठी दोन साड्या घेतल्या आणि गुरुवारची रात्र इस्त्रीला वाहिली.

साडीला माझी ना नाही. पण मी स्कूटीवर जाते. पदर खोचा, निऱ्या आवरा, दुपट्ट्याला पोटाशी गाठ मारा, नाहीतर चाक तो मागून घेतं. नोकरी करणाऱ्या बाईला कपड्यांनी पहिल्यापासूनच कामाला लावलेलं आहे. सावित्रीबाई शाळेत जाताना एक साडी जास्तीची नेत, अंगावरची लोक शेणाचिखलाने भरवत म्हणून. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसायला लागल्या. तेव्हा त्यांचं वय विशीच्या आतबाहेर, त्यामुळे 'वयाला शोभेल का' हा प्रश्न तरी कोणी काढला नसावा. बाकीचे सगळे काढले.

हा वयाचा प्रश्न पुरुषांना कसा पडत नाही, याचं मला नवल वाटतं. आमच्याकडे एक सर निवृत्तीला आलेत. गेली कित्येक वर्षं त्यांच्या दोन पँटी आळीपाळीने शाळेत येतात. सर बहुधा त्यांच्यासोबत येत असावेत. त्या दोन्हींना मिळून आठ खिसे आहेत. मी मोजलेत. आठांत मिळून एक कंगवा. आणि माझ्याकडे मोबाइल, चष्मा, स्कूटीची किल्ली, कपाटाची किल्ली, खडू आणि चौथीतल्या कुणाचातरी पडलेला दात, आणि खिसा शून्य.

नवा कुर्ता घालून निघाले, तर ओट्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लगीनमा जाई ऱ्हायनी का शाळामा?" आदल्या दिवशी चॉकलेटी घातला होता तेव्हा "बरं नई का?" असं विचारलं होतं. त्यांनी स्वतः उभा जन्म एका पद्धतीचं लुगडं नेसून काढला. कांद्याच्या वाफ्यातही तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच, आणि कनवटीला पैसे. त्यांना मापही लागलं नाही आणि खिसाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ शिंप्याकडे गेले. गावात मला सगळे मॅडम म्हणतात आणि त्याला मास्तर. शिकवतो मात्र तोच. त्याने टेप लावली, वहीत बघितलं, पुन्हा टेप लावली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, जुनं माप चालाव नई."

"नवं घ्या. आणि उजव्या बाजूला खिसा लावा."

त्याने चष्मा वर केला. "लेडीजला खिसा? फिटिंग बिघडेल."

"मास्तर, फिटिंग आधीच बिघडलंय. तुम्हीच आता सांगितलंत."

त्याने लावला. पहिला दोन बोटांचा होता. त्यात फक्त दात मावला. परत नेला. दुसऱ्यात मोबाइल मावला, पण वाकले की बाहेर. तिसऱ्यांदा मी माझा सगळा संसार त्याच्या टेबलावर ओतला आणि म्हटलं, याच्या मापाने शिवा. त्याने मोबाइल, चष्मा, किल्ल्या ओळीने मांडल्या, टेप लावली, आणि गालातल्या गालात हसत वहीत काहीतरी लिहिलं.

तो खिसा झकास झालाय. फिकट आकाशी कुर्ता, प्लेन, बुट्टीही नाही. आता तो डावीकडचा की उजवीकडचा, कुणाला सांगता येत नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी न विचारता त्यात मनगटापर्यंत हात घातला, आत चाचपलं, अर्धा खडू बाहेर काढून बघितला, पुन्हा आत ठेवला. म्हणाल्या, "हाई त कनवट शे!" आणि जपमाळ ओढायला लागल्या.

मागच्या आठवड्यात फॉल-पिकोला साडी द्यायला गेले, तेव्हा मास्तरची वही उघडीच होती. छाती, कंबर, उंची, बाही यांच्या पुढे त्याने पट्टीने एक नवा रकाना आखला होता : खिसा. त्यात आमच्या शाळेतल्या तिघीजणी, साक्रीची मैत्रीण, अंगणवाडीच्या ताई. आणि सगळ्यांत खाली आमच्याच घरचा पत्ता. पोलकं, एक. खिसा आतून.