पोटहिस्सा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रात्री जायचं तर चपला जिन्यातच काढाव्या लागतात. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही. वर नाना दुर्बीण लावून बसलेले असतात, आणि चपलेचा फटका स्लॅबमधून तिपाईत, तिपाईतून नळीत आणि नळीतून थेट नानांच्या डोक्यात जातो. "हाललं!" असा आवाज पाण्याच्या टाकीमागून आला की आहात तिथे थांबायचं. पाय उचललेला असेल तर उचललेलाच ठेवायचा. मी एकदा शेवटच्या पायरीवर दीड मिनिट बगळा होऊन उभा होतो.

नाना म्हणजे निवृत्त भूकरमापक. ३६ वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या बांधांवरून साखळी ओढली, टेबल लावलं, भावाभावांच्या मध्ये हद्दीचे दगड रोवले आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला निघतात. नानांनी ८० मिलिमीटरची दुर्बीण घेतली आणि आकाशाची मोजणी काढली. तीही सगळ्या आकाशाची नाही. चंद्र नको, शनी नको ("कुंडलीत आहे तेवढा पुरे"), तेजोमेघ तर बिलकूल नकोत. "धुरकट प्रकार. हद्द कुठं सुरू, कुठं संपते, काय कळतंय?" नानांना लागतात फक्त जोडतारे. नुसत्या डोळ्यांना एक दिसायला हवा आणि दुर्बिणीतून दोन निघायला हवेत. निघाले की नाना मांडीवर थाप मारून म्हणतात, "फुटला!"

काकूंचं यावर एकच म्हणणं आहे. "छत्तीस वर्षं खाली भाऊ वेगळे केले, मन भरलं नाही. आता वर सुरू केलंय."

गच्चीवरच्या नानांचं ध्यान एकदा बघण्यासारखं आहे. अंगात बंडी, गळ्यात मफलर, बुडाखाली प्लॅस्टिकचं स्टूल, आणि डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दवाखान्याने दिलेली हिरवी पट्टी. उजव्या डोळ्याने बघताना डावा मिटून धरला तर गाल आखडतो, म्हणून ही सोय. मांडीवर जुनी मोजणीची वही, तोंडात लाल कागद लावलेली टॉर्च. वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, हवा, अंतर, दिशा. आणि शेवटचा रकाना, पंच.

पंच म्हणजे जो कोणी त्या वेळी गच्चीवर सापडेल तो. मी शाळामास्तर असल्यामुळे माझ्या सहीला वजन आहे, असं नानांचं मत होतं. ते कसं घसरलं ते सांगतो.

ऑक्टोबरातली रात्र. अभिजितच्या शेजारी स्वरमंडल तारकासमूहात एप्सिलॉन नावाचा बारीक तारा आहे. नानांनी मला स्टुलावर बसवलं.

"किती?"

"दोन." खरोखरच दोन दिसत होते.

"नीट बघा की, मास्तर."

आम्ही मास्तर लोक तोंडी परीक्षा घेणारे. 'नीट बघ' याचा अर्थ उत्तर चुकलं, हे आम्हाला कळतं. दोन नाहीत म्हणजे जास्त असणार. "चार!" मी ठोकून दिलं.

"चार. बरं. मग दोन्ही जोड्या कशा आहेत? आडव्या का उभ्या?"

"आडव्या," मी म्हणालो.

नानांनी तोंडातली टॉर्च काढली. "एक आडवी हाय, एक उभी. मास्तर, पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगता ना तुम्ही?"

सातबाऱ्यावर खोटी नोंद करताना सापडलेल्या तलाठ्याचं तोंड कसं होत असेल, ते त्या अंधारात मला आतून समजलं. पण नाना दयाळू आहेत. त्यांनी मला उठवलं नाही. म्हणाले, "श्वास सोडा. ताण देऊ नका डोळ्याला. आत्ता हवा उकळतीय. बसंल."

मी बसलो. तारा खरंच उकळत होता, कढईतल्या शेंगदाण्यासारखा. मग मधेच, अर्ध्या सेकंदापुरती, हवा थांबली. ठिपक्याच्या जागी दोन इवल्या इवल्या चकत्या, भोवती केसाएवढं बारीक कडं, आणि मधे काळी फट. पलीकडच्या ठिपक्यातही तसंच, फक्त काटकोनात वळवलेलं. लगेच पुन्हा उकळी. "दिसली!" मी ओरडलो. "फट दिसली!"

"चकती ताऱ्याची न्हवं," नाना म्हणाले. "तारा लई लांब. चकती आपल्या भिंगाची. पण फट खरी."

त्या फटीची रुंदी सव्वादोन-अडीच विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. हा आकडा मला झेपेना तेव्हा नानांनी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर आणून सोडलं: नाक्यावर उभं राहायचं, साडेपाच किलोमीटरवर कुणीतरी दहा रुपयांचं नाणं धरायचं, ते नाणं जेवढं दिसेल तेवढी एक विकला. ८० मिलिमीटरच्या भिंगाची ऐपत दीड विकलेपर्यंत. हा हिशेब डॉज नावाच्या इंग्रज पाद्र्याने घालून दिलेला, ११६ ला भिंगाच्या मिलिमीटरने भागायचं. नाना तो 'शासन निर्णय' म्हणून सांगतात.

दिशा काढायची त्यांची रीत तर इतकी सरळ आहे की मी ती वर्गात सांगतो. दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, तारा आपसूक सरकत सरकत नजरेबाहेर जातो. जिकडे जाईल ती पश्चिम. ती सापडली की उत्तर सापडली, आणि उत्तरेकडून पूर्वेकडे कोन मोजत गेलं की जोडीतल्या अंधुक ताऱ्याची, म्हणजे धाकट्याची, दिशा मिळाली. "हद्द मोजायच्या आधी उत्तर धरायची. ती चुकली की गावात मारामारी."

आकाश बघणारे बाकीचे लोक अमावास्येची वाट बघतात, गाड्या काढून डोंगरावर जातात. नानांना त्याची गरज नाही. ठळक जोडतारे शहरातल्या उजेडात फुटतात आणि पौर्णिमेलाही फुटतात. त्यामुळे कोजागरीला सगळी सोसायटी दुधाचं पातेलं घेऊन चंद्राखाली बसलेली असताना नाना चंद्राकडे पाठ करून हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ लावून बसतात. एक पिवळसर, एक निळसर, मधे ३५ विकलांचं ऐसपैस अंतर. एवढं ऐसपैस नानांना मुळात आवडत नाही, पण पोरांसाठी ते लावतात. बायकांनी 'पुष्कराज आणि नीलम' वगैरे म्हणून झालं. मग तिसरीतला एक पोरगा डोळा लावून म्हणाला, "एक बल्ब हाय, एक ट्यूबलाइट." नानांनी वहीत रंगाच्या रकान्यात तेच लिहिलं. हे दोघे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की नुसते एका रेषेत आलेत, यावर अजून एकमत नाही. वहीत शेरा आहे: 'न्यायप्रविष्ट'.

कारण खरा प्रश्न तोच आहे. दोन तारे शेजारी दिसले म्हणून ते नात्यातले होत नाहीत. एक जवळ, एक कोसांवर मागे, आणि आपल्याला वाटतं खेटून आहेत. विल्यम हर्षेलही तसंच समजून जोडतारे मोजायला बसला होता. जवळचा तारा लांबच्याच्या मानाने हलताना दिसेल, त्यावरून जवळच्याचं अंतर काढू, असा त्याचा बेत. वीसेक वर्षांनी पुनर्वसूतल्या कॅस्टरची जुनी-नवी मापं ताडून बघतो तर ते एकमेकांभोवती फिरताहेत. १८०३ साली त्याने ते जाहीर केलं. नाना ही हकीकत गावकीतल्यासारखी सांगतात: "गेला शेजाऱ्यांची मोजणी करायला, आणि निघाले सख्खे भाऊ!" कॅस्टरच्या एका फेरीला साडेचारशे वर्षं लागतात. त्यावर नानांचं म्हणणं, "आमचे काही दावे असेच चालले होते."

नानांचं दैवत मात्र हर्षेल नाही, बर्नहॅम. शिकागोचा माणूस, पेशाने कोर्टातला लघुलेखक. दिवसा साक्षी उतरवून घ्यायचा आणि रात्री घरामागच्या सहा इंची दुर्बिणीतून तारे फोडायचा. कुणाच्याही यादीत नसलेल्या साडेचारशेच्या आसपास जोड्या त्याने तेवढ्याशा दुर्बिणीतून काढल्या. "सरकारी कामात राहून," असं नाना म्हणतात आणि मफलर नीट करतात.

कुठलीही गोष्ट एक आहे म्हटली की नानांना ती मोजून घ्यावीशी वाटते. ध्रुवाचंच घ्या. बापाच्या मांडीवर जागा मिळाली नाही म्हणून पोराने तप केलं आणि हक्काचं अढळपद मिळवलं. तिथेही १८ विकलांवर एक नवव्या प्रतीचा अंधुक तारा बसलेला नानांनी दाखवला. "अढळपदाचाबी पोटहिस्सा निघाला, बघा."

हे इथवर ठीक होतं. भानगड झाली ती अरुंधतीवरून.

माझ्या पुतणीचं लग्न डिसेंबरात, गोरज मुहूर्तावर. सप्तपदी झाली, गुरुजींनी वधूवरांना मांडवाबाहेर आणलं आणि उत्तरेकडे हात करून अरुंधती दाखवली. मागून आवाज आला, "गुरुजी, ती रात्री बाराला उगवती." सगळे वळले. नाना शांतपणे सांगत होते की या दिवसांत सप्तर्षींचं शेपूट संध्याकाळी क्षितिजाखाली असतं, आणि गुरुजी दाखवताहेत तो पलीकडच्या मंगल कार्यालयाचा हॅलोजन आहे. गुरुजी कसलेले. म्हणाले, "भाव महत्त्वाचा." नाना म्हणाले, "दिशा पण."

पुतणी हट्टी निघाली. मे महिन्यात माहेरी आली तेव्हा नवऱ्याला घेऊन गच्चीवर चढली, चपला काढून. नानांनी आधी नुसत्या डोळ्यांनी वसिष्ठ दाखवला, मग त्याला चिकटलेली बारीक अरुंधती. मोठं दाखवून मग लहानाकडे न्यायचं, याला शास्त्रात स्थूलारुंधती न्याय म्हणतात, हेही सांगितलं. दोघांमधलं अंतर १२ कला. इथे थांबायला हरकत नव्हती. पण नानांचा हात थांबेना. दुर्बीण लावली.

पुतणीने डोळा लावला. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अरुंधती तर इकडे लांब आहे. मग वसिष्ठाला खेटून ही दुसरी कोण?"

नाना खुलले. १६१७ साली कास्तेल्ली नावाच्या गॅलिलिओच्या शिष्याने ती पाहिली, अंतर साडेचौदा विकला, असं सगळं सांगत सुटले. जावई गच्चीच्या कठड्याकडे बघत होता. "आणि हे दोघेही," नाना पुढे म्हणाले, "प्रत्येकी जोडीनं हायेत. दुर्बिणीत दिसत नाहीत, वर्णपटात सापडतात. अरुंधतीला पण २००९ साली एक जोडीदार सापडलाय. एकूण सहा जण."

"म्हणजे एकत्र कुटुंब," काकू अंधारातून म्हणाल्या. त्या वाळवण गोळा करायला आल्या होत्या. पुतणी हसली, आणि जावयाने सुटकेचा श्वास टाकला. पंच म्हणून दोघांच्याही सह्या घेतल्या गेल्या.

नानांची हार फक्त एकाच ताऱ्यापुढे झाली. खरं तर ताऱ्यापुढे नाही, डोंगरापुढे. नरतुरंगातला मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, साताऱ्याहून दक्षिणेला जेमतेम साडेअकरा अंश वर येतो, आणि आमच्या गच्चीच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहे. ज्याच्या नावातच तारा आहे, त्यानेच तारा अडवावा! नानांनी गडाची उंची कोनात मोजली, दोनदा मोजली, आणि गच्चीचा नाद सोडला. पण मित्राचा सोडवेना, कारण त्या जोडताऱ्याची पहिली नोंद आपल्या देशातली आहे. डिसेंबर १६८९, पुदुच्चेरी. रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू बघत होता, त्यात त्याला हा तारा दोन असलेला दिसला. "साल बघा मास्तर. त्याच सुमाराला राजाराम महाराज जिंजीला. जवळच की!" महाराजांनी तेव्हा वर बघितलं असेल का, यावर नाना बराच वेळ बोलू शकतात. मला वाटतं त्यांना तेव्हा इतर कामं असतील.

शेवटी गेल्या मे महिन्यात आम्ही गेलो. नानांनी पूर्वी ज्यांची मोजणी केली होती त्या दोन भावांपैकी धाकट्याच्या रानात, गडापासून लांब. रात्री पावणेबाराला मित्र दक्षिणेला आला. इतक्या खाली की हवा त्याला नुसती भाजून काढत होती. नाना अर्धा तास डोळा काढेनात. धाकटा भाऊ चहा घेऊन आला. हा काय प्रकार चाललाय म्हणून थोड्या वेळाने थोरलाही बांध ओलांडून आला. तो बांध नानांनीच घातलेला.

"फुटला," नाना हळूच म्हणाले. मांडीवर थाप मारायचं विसरले.

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं. थोरला म्हणाला, दोन दिसतात. धाकटा म्हणाला, एकच. नानांनी दोघांच्याही जबान्या वहीत घेतल्या आणि खाली माझी सही मागितली. मला त्या उकळीत एक लांबट तारा दिसला होता, कधी कधी दोन. मी सही केली.

नानांच्या वहीत पंच म्हणून माझ्या अकरा सह्या आहेत. त्यांतल्या आठ खऱ्या.