कर्ता कोण?

(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : सर. जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेतले. वय पन्नाशीला टेकलेलं. खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं.
स्थळ : आठवीचा वर्ग. पालक सभा. समोर बसलेले प्रेक्षक हेच पालक.
रंगमंचावर फळा, टेबल, खुर्ची, टेबलावर इतिवृत्ताची जाड वही.

(पडदा उघडतो. सर फळा पुसतायत. मागे वळून प्रेक्षकांकडे बघतात.)

सर : या, या, बसा. बाकं पोरांची आहेत, गुडघे सांभाळून. आजी, तुम्ही खुर्चीवर बसा. अध्यक्ष आले का? नाही? येतील. चहा आला की येतील.

(वही उघडून वाचतात.) विषय क्रमांक एक : सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचा इंग्रजी व्याकरण व शब्दसंपत्तीचा सराव. विषय क्रमांक दोन : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. तो आयत्या वेळचा विषय मला ठाऊक आहे. रंगाने पिवळा आहे, चार चाकांचा आहे, आणि रोज सकाळी सात वाजता वेशीवर येऊन हॉर्न वाजवतो. (हॉर्न वाजवल्याचा आवाज) पींऽऽप! इंग्लिश मीडियमची बस.

खरं सांगतो, तो हॉर्न वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. एक पोरगं बसमध्ये चढलं की पट एकने घसरतो. पट घसरला की संच मान्यतेत पद कमी. पद कमी झालं की मी अतिरिक्त. मग माझं समायोजन. कुठं? जिल्ह्याच्या त्या टोकाला, जिथं फक्त मुक्कामाची एसटी जाते, आणि ती सकाळी आल्या पावली परत फिरते. म्हणून आज मी जे बोलणार ते शिक्षणासाठी बोलणार, असं तुम्ही समजा. मी पण तसंच समजतो.

(एका पालकाकडे बोट) काय म्हणता? "सर, पोराला ग्रामर येत न्हाई." बरं. तुमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली सरकारने ते पहिलीपासून आणलं. म्हणजे तुमचं पोरगं आठवीत येईस्तोवर सात वर्षं इंग्रजी शिकून आलंय, आणि आपण म्हणतो, येत नाही. मग सात वर्षं ते करत काय होतं? मी सांगतो. रिकाम्या जागा भरत होतं! "ही डॅश टू स्कूल." कंसात "गो". पोरगं विचार करतं, कंसात "गो" दिलाय, सरांनी उगाच दिला असेल का? टाकतं तसाच. "ही गो टू स्कूल." मी लाल पेनाने गोल करतो. "अरे, ही, शी, इट, याला एस लागतो!" ते म्हणतं, "हो सर." दुसऱ्या दिवशी : "आय गोज, यू गोज, दे गोज." एस लावायचा म्हटल्यावर पंगतीत कुणी उपाशी राहायला नको!

आता तुम्ही म्हणाल, बघा, डोकंच नाही पोराला. थांबा. डोकं काढून दाखवतो. आजी, तुम्ही नातवाला रात्री विचारता ना, काय खाल्लंस? तो काय म्हणतो?

(लहान मुलाच्या आवाजात) "मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी केळं खाल्लं. मी शेंगा खाल्ल्या."

ऐकलंत? खाणारा एकच. पण खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ल्या! क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. ते ताटात काय आहे तेवढंच बघतं. आंबा पुल्लिंगी, पोळी स्त्रीलिंगी, केळं नपुंसकलिंगी, शेंगा अनेकवचनी. इंग्रजाला विचारा. तो बिचारा आंबा खाऊ दे, पोळी खाऊ दे, शेंगा खाऊ दे, "एट, एट, एट." आठवर पाढा अडकल्यासारखा! आणि तुमचं चार वर्षांचं पोरगं, ज्याला चड्डीची नाडी बांधता येत नाही, ते तोंडात घास धरून लिंग, वचन, काळ सगळं जुळवतं. "मी पोळी खाल्ला" असं म्हटलंय का कधी? मग ज्या डोक्यात एवढं व्याकरण बसलं, त्या डोक्यात एक एस बसत नाही?

घोडा घ्या. इंग्रजीत हॉर्स. वर बसा, खाली उतरा, मागे पळा, हॉर्स तो हॉर्सच. आपल्याकडे? तो घोडा रुबाबात उभा असतो. कुणी नुसतं म्हटलं, "वर बसू का?" की लगेच त्याचा घोड्या होतो. घोड्यावर! घोड्याला! घोड्याचा! अजून कुणी बसलंही नाही, आधीच वाकला! सामान्यरूप म्हणतात त्याला. पोरांना हे कुणी शिकवलं? कुणी नाही. घरात चोवीस तास कानावर पडतं, एवढंच.

(फळ्याकडे जातात.) आता काळ. गो, वेंट, गॉन. सहावीतला एक हात वर. "सर, गो चा वेंट कसा? गोड पाहिजे." शहाणं पोरगं! मी म्हटलं, बाळा, वेंट हा गो चा नव्हेच. वेंड नावाचं एक जुनं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ गो ने आपल्या घरात आणून ठेवला. तर मागच्या बाकावरून आवाज : "सर, आपल्यात पण तसंच हाय की. जातो, अन् गेला. जाला कुठं म्हणतो?" (थक्क होऊन) हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं! त्या दिवसापासून त्या वर्गाचा गो-वेंट चुकत नाही. जातो-गेला आधीच पाठ आहे, नुसतं शेजारी बसवायचं.

स्पेलिंग. (उसासा) स्पेलिंगचा तास म्हणजे वेड-नेस-डे. वेडच नसतं, तर इतकी अक्षरं कोण लिहिणार? पोरं के-एन-आय-एफ-ई वाचतात, "कनाइफ". मी ओरडायचो, के सायलेंट! मग वाचनात आलं की पूर्वी इंग्लंडात हा के खरोखर उच्चारायचे. नाइट मधला के, नी मधला के, सगळे बोलायचे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी गप्प झाले. म्हणजे इंग्रज विसरले, पण आमच्या शाळेने उच्चार जपलाय! अनुदान मिळायला हरकत नाही.

आणि हा बघा. (फळ्यावर एकेक अक्षर लिहिल्याचा अभिनय) डी, ई, बी, टी. डेट. म्हणजे कर्ज. पोरगी विचारते, "सर, ह्यातला बी बोलत न्हाई, मग आलाच कशाला?" प्रश्न रास्त. आधी नव्हताच तो. पुढे पंडितांनी लॅटिनशी नातं दाखवायला घुसवला. मी म्हटलं, बाळ, कर्जाच्या कागदावर असा एक असतोच. नाव असतं, बोलत काही नाही, आणि शेवटपर्यंत सुटत नाही. (थांबून) जामीनदार!

(प्रेक्षकांत एकाकडे) तुम्ही का एवढे हसलात? कुणाला राहिलाय?

असो. शब्दसंपत्ती. आपण पोरांना काय शिकवलं? आय फॉर इग्लू. आमच्या गावात मे महिन्यात कोंबडीची अंडी आपोआप उकडतात, आणि पोरगं घोकतंय, इग्लू! वाय फॉर याक. झेड फॉर झेब्रा. एक्स फॉर झायलोफोन. एक्स म्हणायचं आणि झ वाचायचं, असं वाद्य तालुक्यात कुणाकडे आहे? मग चाचणीत विचारलं, "पोरांनो, तुम्हाला किती इंग्रजी शब्द येतात?" सगळ्यांच्या माना खाली.

परवा आठवीतला एक पोरगा तासाला डुलक्या घेत होता. उठवला. "रात्री काय करत होतास?" तर म्हणतो,

(झोपाळू आवाजात) "सर, पाणी धरायला गेलतो. थ्री फेज रातची असती. एक फेज गेली अन् स्टार्टर ट्रिप नाय झाला, की मोटर जळती. मग वाइंडिंगचा खर्च कोण करणार?"

(सर बोटं मोजतात.) थ्री. फेज. स्टार्टर. ट्रिप. मोटर. वाइंडिंग. झोपेत! मी म्हटलं, बस खाली... नाही, नाही, उभाच राहा. हेच इंग्रजीत सांग. तो घाबरला. "मला न्हाई येत सर." अरे, जळाली तर काय होतं ते सांग फक्त. त्याने डोकं खाजवलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला,

"इफ... वन फेज गोज... मोटर बर्न्स."

(पूर्ण शांतता. मग सर टेबलावर हात आपटतात.)

गोज! बर्न्स! दोन्ही एस जागेवर! सात वर्षांत जो एस रिकाम्या जागेत बसला नाही, तो मोटरीपाशी आपोआप येऊन बसला. पुढच्या बाकावरची हुशार पोरगी म्हणते, "सर, मोटरच्या आधी द राहिला." मी म्हटलं, राहू दे. मोटर वाचली ना, द ला नंतर बघू. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी वर्णमाला. एफ फॉर फ्यूज, डी फॉर डीपी, आर फॉर रोटाव्हेटर, एल फॉर लोडशेडिंग. क्रिकेटवाल्यांनी रन आउट, नो बॉल आणि पाच मिनिटं भांडण करून लेग बिफोर विकेट दिलं. मुली कशा मागे राहतील? कुकर, गॅस, रेग्युलेटर, मशीन, बॉबिन, इलॅस्टिक! फळा पुरेना. मग त्याच शब्दांना क्रियापदं जोडायची. फ्यूज काय करतो? गोज. कुकर काय करतो? व्हिसल्स. इकडं आई शिट्ट्या मोजते, तिकडं पोरगी एस मोजते.

(बसतात. सुस्कारा.) आणि मग येते शिष्यवृत्ती. आधी चौथी-सातवीला होती, मग २०१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला होती. त्या आठवीच्या पेपरातली गंमत बघा. चार पर्याय, त्यात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन बरोबर उत्तरं असायची! दोन्ही गोल रंगवले तरच गुण, एक रंगवला तर भोपळा. पोरं चक्रावायची. "सर, दोन बरोबर कसे?" म्हटलं, घरी आई आणि आजी एकाच वेळी बोलतात तेव्हा काय करतोस? "दोघींना हो म्हणतो." झालं तर! दोन्ही गोल रंगव.

पण सगळ्यात जिवावर येतं ते काय? व्हॉइस! ॲक्टिव्ह, पॅसिव्ह. देशातल्या झाडून सगळ्या व्याकरणाच्या पुस्तकांत एकच वाक्य : "रामा किल्ड रावणा." बदला. "रावणा वॉज किल्ड बाय रामा." पोरगं म्हणतं, "सर, मेल्यावर रावण पुढं कसा आला?" मी म्हटलं, पॅसिव्हमध्ये असंच असतं. ज्याने केलं तो मागे, शेवटी, बाय च्या आड. आणि खूप जणांना तर बाय च्या आडही राहायचं नसतं. दाखवतो.

(मुलासारखं अंग चोरून) वर्गात काच फुटली. मी विचारलं, "कुणी फोडली?" "सर, काच फुटली." "अरे, कुणी?" "सर, फुटली." बघा! सूत्र माहीत नाही, पण कर्ता गायब करायचं कसब जन्मजात. म्हटलं, इंग्रजीत सांग. "द ग्लास वॉज ब्रोकन." शाबास! "बाय हूम?" (विचार करून) "बाय... इटसेल्फ, सर."

यात पोरांचा काय दोष? कुठून शिकतात ती? शाळेत पत्रं येतात. (कागद वाचल्याचा अभिनय) "आपणांस कळविण्यात येते की." कोण कळवतं? "सदर बाब गांभीर्याने घेण्यात यावी." कुणी घ्यावी? "निधी खर्च झालेला आहे." (कागदाच्या मागे बघतात) कुणाकडून? खालच्या सहीला विचारलं, तर ती म्हणते, मी फक्त प्रभारी आहे!

आणि पालकहो, रागावू नका. तुम्हीपण पॅसिव्हच. "सर, पोराचा सराव होत न्हाई." होत नाही! जसा काही पाऊस आहे, झाला तर झाला. करायचा कुणी? तुम्ही म्हणता, सरांनी. मी म्हणतो, शासनाने. शासन म्हणतं, करण्यात यावा. आणि पोरगं म्हणतं, काच फुटली! चौघांच्या मध्ये कर्ताच नाही, आणि आपण पिवळ्या बसला कर्ता समजून बसलोय. बस काय करणार? बस पोरगं नेणार, आणणार. संध्याकाळी घरी आलं की तेच "मी पोळी खाल्ली." मराठी त्याला घरी आली, कारण तुम्ही रोज विचारत होता आणि ते रोज सांगत होतं. इंग्रजीत त्याला कोण विचारतं? मी, आठवड्यात काही तास, तेही रिकाम्या जागेत!

(उठतात. इतिवृत्ताची वही हातात.) म्हणून आजचा ठराव. माझ्याकडे दोन मसुदे आहेत. पहिला : "विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा सराव घरोघरी घेण्यात यावा, असे सर्वानुमते ठरविण्यात आले." (टाळ्यांची वाट बघतात.) बघा, लगेच माना हलल्या. सूचक मिळतील, अनुमोदक मिळतील, अध्यक्षही मिळतील. हा ठराव नामंजूर!

दुसरा. (ठणकावून) "मी रोज रात्री जेवताना माझ्या मुलाला पाच मिनिटं इंग्रजीत विचारीन : व्हॉट डिड यू ईट? तो काय म्हणेल ते ऐकीन. हसणार नाही. चूक काढणार नाही. त्याने मला उलट विचारलं, तर मोडकंतोडकं का होईना, उत्तर देईन." खाली सही. कर्ता स्वतः!

"आमाला इंग्रजी येत न्हाई"? अहो, आताच मोटर, मशीन, कुकर मोजले की सगळे! तुमच्या ताटातले आहेत ते शब्द. आजी, तुम्ही विचारा, "व्हॉट?" एवढं पुरे. बाकी नातू भरेल. ही खरी रिकामी जागा!

चला, सह्या. पेन घ्या. निळं तुमचं, लाल माझ्याकडेच राहू दे. (प्रेक्षकांकडे बघून एकदम) अहो, कुठं निघालात? मागचे तुम्ही! चपला कशाला शोधताय? काय म्हणालात? "येतो, सर." (कपाळावर हात) येतो! जायचं असतं तेव्हा म्हणायचं येतो! वर्तमानकाळ, क्रियापद उलटं, आणि पावलं दाराकडे! हे असलं वाक्य लीलया बोलणाऱ्या माणसाला मी ग्रामर शिकवू?

(दाराकडे धावत) थांबा! येतो म्हणालात ना? मग या! इकडे या! सही करा!

(वही उंचावून प्रेक्षकांत उतरतात. बाहेरून पिवळ्या बसचा हॉर्न. सर पेन रोखून उभे, हॉर्नच्या दिशेने ओरडतात.)

ड्रायव्हरसाहेब, तुम्हीपण या! घरी पोरं आहेत ना तुमची? कर्त्यांची जागा रिकामी आहे!

(पडदा)