बारीक होऊ घातलेल्यांसाठी लातूर-नांदेड मार्गदर्शिका

लागणारं साहित्य : वजनकाटा एक, मोजपट्टी एक, अंडी, शेंगदाणे, ताक, डाळी, पालेभाज्या परवडतील तेवढ्या. नातेवाईक शक्य तितके कमी. यातली शेवटची वस्तू लातूर किंवा नांदेड जिल्ह्यात राहून आटोक्यात ठेवणं अवघड असतं, म्हणून ही मार्गदर्शिका बरीचशी तिच्यावरच खर्ची पडली आहे.

पहिली पायरी, मुहूर्त काढणे. भिंतीवरची दिनदर्शिका खाली घ्या आणि गोडधोड नसलेला महिना शोधा. जानेवारीत संक्रांत आणि हुरडा. महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा; उपास आहे म्हणाल तर साबुदाणा, त्याचं पुढे बघू. होळीला पुरण. मग लग्नसराई आणि आमरस हातात हात घालून येतात. आखाडात काही नसतं म्हणावं, तर आखाड तळायचा असतो. श्रावणात सणांची रांग, भादव्यात महालक्ष्म्या, त्यांच्या पाठोपाठ पितृपंधरवडा आणि रोज कुणाच्या तरी घरी खीर-वडे. मग दसरा, दिवाळी, आणि मार्गशीर्ष संपता संपता वेळ अमावस्या. मुहूर्त काही निघत नाही. उद्यापासूनच सुरू करा. 'सोमवारपासून' म्हणू नका; लातूरचे पुष्कळ सोमवार त्यातच गेले आहेत.

दुसरी पायरी, पंथ निवडणे. आपल्याकडे 'डाएट करतोय' एवढ्यावर सुटका होत नाही, 'दीक्षित का दिवेकर?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. ऋजुता दिवेकर मुंबईच्या, थोडं थोडं वरचेवर खा म्हणणाऱ्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे लातुरात त्यांचा पंथ हा घरचा पंथ. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून त्यांनी सूत्र उचललं : आपण जितक्या वेळा तोंड हलवतो तितक्या वेळा इन्सुलिन स्रवतं, म्हणून कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, मधे काही नको, आणि रोज 45 मिनिटं चाला. 2018 मध्ये सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ब्रँड अँबेसेडर केलं आणि गावोगावच्या बायका घड्याळ लावून जेवू लागल्या. या पंथात भाकरीला बंदी नाही, हे त्याच्या प्रसाराचं खरं कारण असावं असं माझं मत आहे. काही उत्साही मंडळींनी मात्र 55 मिनिटं ही मर्यादा न समजता उद्दिष्ट समजून सलग तेवढा वेळ खाल्लं, त्याला डॉक्टर काय करणार?

कमी कर्बोदकांचा पंथ याहून कडक आणि बराच जुना. लंडनमधल्या विल्यम बँटिंग या गृहस्थांनी 1863 साली पाव, साखर, बटाटा आणि बिअर सोडून आपण कसे बारीक झालो, याची पुस्तिका स्वतःच्या खर्चानं छापून वाटली. बँटिंग यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. आपलंच गिऱ्हाईक लांबवणारा एवढा निःस्वार्थी व्यापारी लातूरच्या गंजगोलाई बाजारात सापडणार नाही. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या डॉ. ॲटकिन्स यांनी याच वाटेवर पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं.

तिसरी पायरी, शत्रू ओळखणे. इथेच नवशिक्याचा पाय घसरतो. 'आम्ही पोळी खात नाही, भाकरी खातो' हे वाक्य अभिमानानं म्हणून तो दुसरी भाकरी मोडतो. ज्वारी चांगली, तिच्यात तंतू आहेत, पोट भरल्यासारखं वाटतं, सगळं खरं. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि गव्हात जवळपास तेवढीच. मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं. कमी कर्बोदकांच्या पंथातला किटो हा कडक प्रकार पाळणारे दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत राहतात. म्हणजे आपल्याकडच्या एका भाकरीत त्यांचा दिवस संपतो, आणि आपण तर अजून वरणाकडे वळलेलोही नसतो. सकाळच्या नाश्त्यातल्या सुशीलाकडे मुरमुरे म्हणजे 'हलकं' म्हणून बघू नका. वजनाला हलके, पण ते शेवटी तांदूळच. साबुदाणा तर जवळजवळ नुसता स्टार्च, 100 ग्रॅमला 85 च्या पुढे. एकादशीनं माणूस बारीक झाल्याचं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. उपास करायचाच असेल तर शेंगदाण्याची आमटी खा आणि भगर चमच्यानं मोजून घ्या. गुळाबद्दल 'तो नैसर्गिक असतो' असं सांगणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. गूळही उसाचाच, साखरही उसाचीच, आणि उष्मांकांत फरक नाममात्र. त्या माणसाशी वाद घालू नका, तो सहसा वयानं मोठा असतो.

चौथी पायरी चहाची, आणि ती सगळ्यांत अवघड. हॉटेलातल्या चहात साखर पाण्याबरोबरच पडलेली असते, दूध नंतर येतं. म्हणजे बिनसाखरेचा चहा सांगितला की मालकाला वेगळं पातेलं चढवावं लागतं. तो 'थांबावं लागंल' म्हणतो. लहान पातेलं शोधतो, विसळतो, गाळणी झटकतो, आणि मोठ्यांदा ओरडतो, 'एक बिनसाखरचा!' बाकड्यावरची सगळी माणसं तुमच्याकडे वळतात.

'कामून? शुगर निघाली का काय?'

'नाही, वजन कमी करतोय.'

हे कुणालाच पटत नाही. 'आता तसंच म्हणतेत सगळे. किती निघाली? जेवणाआधी का नंतर?' मग पहिला जांभळाच्या बियांची पूड सांगतो, दुसरा कारल्याचा रस, तिसरा आपली स्वतःची 280 सांगतो आणि बिस्किटांचा चौथा पुडा फोडतो. पातेलं उकळेपर्यंत तुम्ही पेशंट झालेले असता आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी सासुरवाडीला पोचते.

यावर एक उत्तर देऊन बघा. एक किलो साखर उसापासून तयार व्हायला महाराष्ट्रात सुमारे 2000 लिटर पाणी लागतं, असा केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाचा हिशेब आहे. दोन चमचे साखर म्हणजे 10 ग्रॅम, म्हणजे 20 लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडे घरोघरी येतो तो अख्खा एक जार. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे 'शुगर नाही हो, जार वाचवतोय' हे उत्तर ऐकून माणसं क्षणभर तरी गप्प होतात. समोरचा एखाद्या साखर कारखान्याचा सभासद असेल तर मात्र विषय बदला. मांजरेचं खोरं आहे हे, समोरचा सभासद असतोच.

घरी आलेल्या चहाबद्दल वेगळी सूचना. 'बिनसाखरेचा द्या' म्हटल्यावर जो येतो, त्यात 'थोडीशीच टाकलीय' एवढी साखर असते. कारण बिनसाखरेचा चहा पाहुण्याला देणं म्हणजे आपल्याच घराची शोभा, असं त्या माउलीला मनापासून वाटत असतं. कपातलं निम्मं पिऊन उठा. भांडण नको.

पाचवी पायरी, मग खायचं काय? या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शिवारात उभं आहे, पण ते विकायला गेलेलं आहे. लातूर म्हणजे सोयाबीनचा बाजार. सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला 36 ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि धान्यांच्या मानानं निम्म्याहून कमी कर्बोदकं. आपण काय करतो? सगळं पोत्यात भरून आडतीवर नेतो, त्याचं तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे मराठवाड्यात उत्तम आहार कुणाला मिळतो, तर कोंबड्यांना. ती कोंबडी निदान खा, किंवा तिची अंडी. अंडी घरात चालत नसतील तर मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी, हरभऱ्याची हिरवी भाजी, ताक. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कास्ती कोथिंबिरीलाही. डाळीत कर्बोदकं आहेतच, पण प्रथिनंही 20 ग्रॅमच्या पुढे. वरण पातळ करून भातावर ओतण्यापेक्षा घट्ट करून वाटीनं प्यायचं.

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं. हा आहार महाग आहे. लातूरच्या ट्यूशनला आलेल्या पोरांच्या मेसमध्ये बघा : पोळ्या कितीही घ्या, भाजी एक वाटी. मेसवाला कंजूष नसतो, त्याचा हिशेब बरोबर असतो. पोट धान्यानं स्वस्तात भरतं, भाजी-डाळ-अंड्यानं भरत नाही. रेशनचंही तेच. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य ठरलेलं, 2023 पासून ते फुकट, पण त्या हक्कात डाळ नाही. ज्याच्या ताटात तीन भाकऱ्या आणि ठेचा आहे त्याला 'कार्ब कमी करा' म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणणंच आहे. ही मार्गदर्शिका ज्याचं पोट बसून बसून वाढलंय त्याच्यासाठी. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्यानं ती वाचायची गरज नाही.

सहावी पायरी, संकटकाळ. वेळ अमावस्येला लातूर शहर ओस पडतं, सगळे रानात. तिथे तुमची गाठ भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि कोंदीची पोळी यांच्याशी आहे. घाबरू नका. भज्जी तुमच्या बाजूची आहे : तूर, वाटाणा, हरभरा, शेंगा, भाज्या, सगळं एकत्र. पत्रावळीवर आधी तिचाच डोंगर लावा, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला जागाच दिसत नाही. 'आवो, एका उंड्यानं काय होतंय?' हा प्रश्न येईल. खरं उत्तर असं, की एका उंड्यानं काही होत नाही. पण तो प्रश्न एकाच उंड्यानंतर थांबत नाही.

नांदेडला गुरुद्वारात गेलात तर तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये डाएट सांगायचा नसतो, हा माझा निर्णय आहे आणि त्यावर अपील नाही. कडाह प्रसादात कणीक, तूप, साखर परंपरेनं समान वजनाची. तो दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, आणि पंगतीत जे वाढतील ते पान स्वच्छ करून उठायचं. आपला डाएट दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो.

जावई असाल तर अधिक महिना टाळता येत नाही. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 चा अधिक ज्येष्ठ. पुरणाचे धोंडे आणि 33 अनारसे. अनारशाचं पीठ तांदळाचं, गोडी गुळाची, तळण तुपात. वाण घ्या, नमस्कार करा, डबा गाडीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात उघडा. तुमच्याबरोबर सगळं ऑफिस बुडालं तर तुम्ही सरासरीत राहता.

सातवी पायरी, पहिला आठवडा. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसेल. पेढे वाटू नका. शरीर साठवलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी. कर्बोदकं कमी केली की आधी ते पाणी जातं. चरबी अजून होती तिथेच आहे. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, घरात चिडचिड होईल. भरपूर पाणी प्या, ताकात मीठ घाला, पालेभाजी वाढवा. दुसऱ्या आठवड्यापासून काटा जेवढा हलेल तेवढाच खरा.

इतकं सगळं वाचून ज्याला किटो नको वाटेल, त्यानं वाईट वाटून घेऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनी 2022 मध्ये मांडलेला हिशेबही आपल्या लोकांना भाकरी सोडायला लावत नाही : कर्बोदकं रोजच्या उष्मांकांच्या निम्म्यापर्यंत आणा, प्रथिनं पाचव्या हिश्श्यापर्यंत वाढवा, एवढंच. ताटात याचा अर्थ तीनऐवजी दीड भाकरी, भाजी दुप्पट, वरण घट्ट, चहा बिनसाखरेचा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं म्हणते. आपले तीन चहा त्याच्या पुढे जातात.

आणि ज्यांची शुगर खरोखरच निघाली आहे, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, किडनीचं दुखणं आहे, किंवा घरात कुणी गरोदर आहे, त्यांनी यातलं काहीही आपल्या मनानं सुरू करू नये. भाकरी एकदम कमी केली आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. आधी डॉक्टरांना दाखवा, औषधाचा डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या, आणि मगच घरात सांगा की उद्यापासून दीड भाकरी.