साहेब, ओहोटीला या

उधाणाची भरती आली की पाहणी दौरा निघतो. पाणी भिंतीला टेकलेलं, साहेब छत्रीखाली, फोटोवाला चिखलात. भिंत ‘भक्कम’ असल्याचा निर्वाळा जागच्या जागी मिळतो.

बरोबरच आहे. त्या घटकेला ती भक्कम असतेच. समोरून खाडीने तिला धरून ठेवलेलं असतं!

खरी परीक्षा सहा तासांनी. ओहोटीला समोरचं पाणी निघून जातं, पाठीमागच्या भरावात मुरलेलं तिथेच राहतं. पुढचा आधार गेला, मागचा रेटा तसाच. खाडीकाठची भिंत घात करते ती बहुधा अशा वेळी. तेव्हा साहेब जेवायला गेलेले असतात.

दिघ्याला तरी हे सांगायला नको. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, मधल्या पट्टीत एमआयडीसी, रेल्वे आणि माणसं. डोंगराचं पाणी खाली उतरतं, खाडीचं वर चढतं, आणि दोघांच्या भांडणात उभी असते ती संरक्षक भिंत. तिचं संरक्षण कोणी करायचं, ते निविदेत नसतं.

जरा हिशेब करू. पाठीशी तीन मीटर पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांचा रेटा बसतो. नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. मग ‘उंची वाढवा’ अशी मागणी येते. लोकप्रतिनिधी उदार असतात, एक मीटर वाढवून देतात. वरपर्यंत पाणी भरलं की रेटा जवळपास आठ टन, आणि भिंत उलथवण्याचा जोर सव्वादोन पटींच्याही वर.

पाया? जुनाच. पाया फोटोत येत नाही.

चांगला अभियंता भिंतीला तीन प्रश्न विचारतो. घसरशील का, उलथशील का, खचशील का? पायाखाली खाडीचा चिखल असला की तिसरा प्रश्न पहिला घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याच्याही आधी चौथा येतो: कोनशिला कुठे बसवायची?

भिंत चालवायला ज्ञानोबा लागले होते. हल्ली एक पावसाळा पुरतो.

इलाज महागडा आहे का? छे. वीप होल. भिंतीत ठरावीक अंतरावर पाईपचे तुकडे, मागे खडी-वाळूची गाळणी. पाणी सुटतं, माती राहते. अख्ख्या अंदाजपत्रकातली सगळ्यात स्वस्त ओळ. खायला सगळ्यात सोपी.

नाल्याच्या तोंडाशी एक नवी भिंत पाहिली. कोणाची, ते सोडा. पाईप होते, एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे. जवळ गेलो. अर्ध्यांच्या तोंडात गिलाव्याचा लपका, वर रंगाचा हात. एकात गुटख्याची पुडी. एक मोकळा सापडला, त्यात काडी घातली. बोटभर गेली आणि अडली. पाईप भिंतीच्या पार गेलाच नव्हता! सोबत एक निवृत्त ओव्हरसियर होते. म्हणाले, ‘मोजणीला तोंडं मोजतात हो. लांबी कोण मोजतो?’

भिंतीला कान असतात म्हणे. इथे तेही बुजवलेले.

‘पण संकल्पन तपासून घेतलंय!’ असं उत्तर मिळतं. असेल की. नकाशा नामांकित संस्थेकडे जातो, संस्था शिक्का मारते. ती तपासते तो कागद. कागदावर पाईप आरपारच असतो.

२ जुलै २०१९ आठवते? पहाटे मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर आली. पाठीमागे पाणी तुंबलं होतं. तीसच्या आसपास माणसं गेली. त्याच रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मग तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी आरोपी हुडकला. खेकडे!

आमच्या खाडीत चिंबोऱ्यांना तोटा नाही. म्हणजे चौकशी अहवालाची अर्धी तयारी झालीच.

आणि वर इलठणपाड्याला रेल्वेचं धरण आहे. इंग्रजी अमदानीतलं, वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला बांधलेलं. इंजिनं भंगारात गेली, पाणी अजून अडलंय. बांधणाऱ्याचं नाव इथे कोणाला ठाऊक नाही. कोनशिला फारच लहान असावी.

दिघ्यातल्या इमारती अनधिकृत आहेत, हे सांगायला हायकोर्टाला यावं लागलं. भिंत बिनडोक आहे, हे सांगायला कोणी यायचं?

तुम्हीच या, साहेब. पण ओहोटीला या. छत्री राहू द्या, गमबूट घाला. भिंतीच्या पुढे नको, मागे जाऊन उभे राहा. येताना हातभर सळई आणा आणि कुठल्याही एका पाईपात घाला.

पुरी आत गेली, तर पुढचं बोलू.