उपाशीपोटीची गोळी

यकृत कुठे असतं हे मराठी माणसाला शाळेत शिकवावं लागतं. पित्त मात्र तो जन्मतःच ओळखतो. डोकं दुखलं, पित्त. उलटी झाली, पित्त. अंगाला खाज सुटली की अंगावर उठतं तेही पित्तच. मानपानावरून व्याही रुसले, तर आमची मावशी म्हणते, ‘जागरणानं पित्त खवळलंय त्यांचं, लिंबू-सरबत द्या.’

त्यामुळे डॉक्टरांनी मला पॅन्टोप्राझोल लिहून दिलं, तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास, दोन आठवडे. पण दोन आठवडे ही मुदत फक्त कागदावर राहते. ही गोळी कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. आमच्या नाक्यावर ‘नेहमीची’ एवढा एकच शब्द पुरतो. मेडिकलवाला मोबाइलवरून नजरही न उचलता स्ट्रिप पुढे सरकवतो. बरं, गोळीचा गुणही असा की, रात्री साडेदहाला लग्नाच्या बुफेत पनीर, जिलबी आणि त्यावर आइस्क्रीम रिचवूनही माणूस सकाळी प्रसन्न उठतो. मग ती सोडायची कुणी?

सोडायची वेळ आणली बायकोने. खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद तिने भिंग लावून वाचला आणि घोषणा केली, ‘हाडं मोडतात म्हणे.’ कागद अगदीच खोटा नव्हता. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांची हाडं मोडण्याची शक्यता वाढू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये दिला होता. पुढच्याच वर्षी रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याबद्दलही दिला. बी-12ची गोष्ट तर आमच्यासारख्या शाकाहारी घरांनी मुद्दाम ऐकावी. हे जीवनसत्त्व अन्नातून सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. आमच्या ताटात ते मुळात दूध-दह्यापुरतं, आणि जे येतं ते सोडवून घेणारं आम्लच मी रोज सकाळी बंद करत होतो. हातापायांना मुंग्या येतात त्या बी-12च्या कमतरतेनेही येऊ शकतात. हे ऐकल्यापासून मला मांडी घालून बसायची भीती वाटते.

म्हणून एका सोमवारी गोळी बंद केली. बुधवारी रात्री छातीत असा वणवा पेटला की, गोळी घेण्यापूर्वीची जळजळ लाडकी वाटावी. सोसायटीत बातमी पसरली. तळमजल्यावरून मोरावळा आला, दुसऱ्या मजल्यावरून कोकम, आणि एका काकांनी थंड दूध सुचवलं, तेही माझ्याच फ्रिजमधलं. सगळ्यांचं निदान एकच: ‘बघा, गोळीची गरज होतीच तुम्हाला!’

डॉक्टर मात्र हसले. पोटातल्या आम्लाच्या पंपांना गोळी कुलूप लावते. आम्ल येईना म्हटल्यावर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक, एखाद्या हेडक्लार्कसारखं, काम का होत नाही म्हणून ओरडत सुटतं आणि जादा माणसं भरतं. गोळी बंद झाली की कुलूप निघतं आणि ही सगळी वाढीव भरती एकदम कामाला लागते. डेन्मार्कमध्ये 120 धडधाकट माणसांवर केलेला याचा प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पित्ताचा त्रास कुणालाच नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, मग गुपचूप लुटुपुटूची. त्यांतल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असलं काही ना काही सुरू झालं. पहिल्यापासून लुटुपुटूचीच गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण 15 टक्के होतं. म्हणजे ज्या रोगासाठी गोळी घ्यायची, तो रोग गोळी सोडताना फुकट मिळतो. असा धंदा आमच्या नाक्यावरच्या वडेवाल्यालाही सुचला नाही.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी डोस निम्मा केला, मग एक दिवसाआड घेऊ लागलो. मधल्या दिवशी फारच जळलं तर ते गुलाबी पातळ औषध. वाढीव भरती काही आठवड्यांत ओसरते म्हणतात. रात्रीचं जेवण आठला आलं आहे, त्याचा त्रास मला पित्तापेक्षा जास्त होतो.

पोटात रक्तस्राव झालेल्यांनी किंवा रोजच्या ॲस्पिरिनच्या जोडीला ही गोळी असणाऱ्यांनी माझं वाचून ती मुळीच थांबवू नये. त्यांना ती हवीच असते. बाकीच्यांनी मूळ चिठ्ठी शोधून काढावी, तिच्यावर मुदत किती लिहिली होती ते बघावं, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जावं. मोरावळा आमच्याकडे भरपूर उरला आहे, कुणी येऊन घेऊन जा.