आंबे आवडतात

स्पॅनिशच्या पहिल्या सत्रातला तास. फळ्यावर वाक्य आहे: 'मे गुस्ता एल मांगो.' सर इंग्रजीतून समजावताहेत की इथे कर्ता 'मी' नाही, आंबा आहे. आंबे अनेक असले की क्रियापदही बदलतं, 'मे गुस्तान लोस मांगोस'. मराठी मुलं वहीत लिहून घेतात: अवघड रचना, पाठ करणे.

अवघड? मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात.

शाळेचं तोंडही न पाहिलेलं पोर हे बिनचूक बोलतं. तेच पोर अठराव्या वर्षी पदवीच्या वर्गात त्याची घोकंपट्टी करतं, कारण मध्ये 'आय लाइक' आणून उभं केलंय.

माझं भांडण आहे ते या मधल्या दलालाशी.

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांत मेजर-मायनर हे शब्द रुळले. मुलीने स्पॅनिशचं नाव काढलं की घरातून पहिला प्रश्न येतो, पगार किती? प्रश्न रास्तच आहे. पण 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, आणि स्पॅनिशमध्येही 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. दाराची बिजागरीही तिकडचीच, 'बिसाग्रा'. पोर्तुगीज आपल्या शेजारी साडेचारशे वर्षं राहिली. तिच्या सख्ख्या बहिणीकडे जायला आपण लंडनला वळसा का घालतो?

पगाराचं उत्तरही देऊन टाकू. बजाजची पल्सर कोलंबियाच्या रस्त्यांवर धावते. अर्जेंटिनात तिचं नाव रौसर. टीसीएसने उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओत 2002 सालीच केंद्र काढलं. वीस देशांचा कारभार या एका भाषेत चालतो. गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याच्याशी बोलणार कोण, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेतलेला मुलगा?

हिशेब करा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. मायनर 20 क्रेडिटची धरली तर झाले 300 तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्याला कामाची स्पॅनिश यावी म्हणून वर्गातले 600 ते 750 तास धरतं. म्हणजे मायनर संपते तेव्हा निम्मी वाटही धड सरलेली नसते. अशा मुलाला 'लँग्वेज एक्स्पर्ट' म्हणून बाजारात उभं करणं ही त्याची फसवणूक आहे. गिऱ्हाइकाचीही.

पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा. नामाला लिंग असतं हे त्यांना नवं. पांढरा घोडा आणि पांढरी गाय, विशेषणाने नामामागे जायचं, हेही नवं. त्यांच्या जिभेवर 'त'चा 'ट' होतो. स्पॅनिशचा 'त' आपल्या 'ताका'तलाच आहे. आणि भूतकाळ! मी आजोळी गेलो. मी आजोळी जायचो. पहिलं एकदाचं जाणं, दुसरं दर उन्हाळ्याचं. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'फुई', दुसऱ्याला 'इबा'. इंग्रजीत दोन्हीकडे 'आय वेंट' चालून जातं, म्हणून इंग्रजी क्रमिक पुस्तक या फरकावर पानंच्या पानं घालवतं आणि आपली मुलंही ती पानं मुकाट्याने गिरवतात. मराठी मुलाला एक ओळ पुरे: गेलो म्हणजे फुई, जायचो आणि जात होतो, दोन्ही इबा.

किती वर्गांत ही ओळ सांगितली जाते?

साहित्यातही मध्ये तोच दलाल. मार्केझला नोबेल मिळालं 1982 साली. आपल्यातल्या बहुतेकांनी तो वाचला इंग्रजीतून. उलट्या दिशेलाही तेच झालं होतं. सेनोबिया काम्प्रुबी यांनी कवी हुआन रामोन हिमेनेस यांच्या साथीने 1915 पासून टागोर स्पॅनिशमध्ये नेले, तेही इंग्रजीवरून. तेव्हाची अडचण समजू शकतो. आज, शंभर वर्षांनी, आपली सबब काय? ओक्ताव्हियो पास 1962 ते 1968 दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. भारतावर त्यांनी पुस्तक लिहिलं. आपल्याविषयी लिहिलेलंही आपण तिसऱ्याच भाषेत वाचायचं?

'ॲप आहे की!' हे हमखास ऐकू येतं. अमेरिकेत ते विद्यापीठाच्या पातळीवर ऐकू आलं. 2023 साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ अख्खा परदेशी भाषांचा विभाग बंद करायला निघालं, आणि पर्याय म्हणून ॲपचंही नाव निघालं. गदारोळ झाला, तेव्हा स्पॅनिश आणि चिनी शिकवणारे मोजके शिक्षक वाचले. पदवी गेलीच. ज्या देशात चार कोटींहून अधिक माणसं घरात स्पॅनिश बोलतात, तिथली ही गोष्ट.

'रेनुन्सिया' म्हणजे राजीनामा, एवढं ॲप शिकवेल. राजदूत पास यांनी 1968 साली तो का दिला, मेक्सिको सिटीच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या कुणी झाडल्या, हे कळायला शिक्षक लागतो, पुस्तकं लागतात, वर्षं लागतात. मेजर म्हणतात ती यालाच.

तेव्हा मुलगी स्पॅनिश मेजर म्हणत असेल तर फॉर्मवर सही करा. मायनर म्हणत असेल तर उरलेले तास कुठे भरणार, ते आत्ताच विचारा. आणि पहिल्या आठवड्यात फळ्यावर आंबा आला, सर 'आय लाइक' म्हणाले, की तिला हात वर करायला सांगा.

"सर, मराठीतून सांगू?"